नकाशात न दाखवलेली लाइन

नलिनी देवतळे हिला वासाची किळस कधीच नव्हती. तिचे वडील सदाशिवराव आमच्या वसाहतीत ड्रेनेजचे सुपरवायझर होते. संध्याकाळी ते घरी आले की अंगणातल्या नळाखाली आधी गमबूट, मग पाय, मग कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि तरीही एक वास त्यांच्याबरोबर घरात शिरायचा. आम्ही त्यांच्या मागच्याच लाइनीत राहायचो. माझी आई देवतळेकाकूंकडे हळदीकुंकवाला जायची, पण तिथे समोर आलेल्या पन्ह्याचा घोट तिच्या घशाखाली नीट उतरायचा नाही. ते मला दिसायचं आणि माझी मलाच लाज वाटायची. नलिनी मात्र वडिलांना बिलगून जेवायला बसायची. पुढे तिला जी शिसारी आली ती वासाची नव्हती, हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून एवढं आधी सांगितलं.

आमची वसाहत हिंदी मुलखात, होशंगाबाद रोडला, मंडीदीपच्या अलीकडे. एका सरकारी कारखान्याची. त्या कारखान्याचं नाव मी लिहीत नाही. अजून तिथे आमच्या ओळखीची माणसं नोकरीला आहेत. नागपूर, अमरावती, पुण्याकडून बदली होऊन आलेली पन्नासेक मराठी घरं तिथे होती. मोठा गणपती बघायचा तर शहरातल्या बरखेड़्याला जावं लागे, बाकी सगळं वसाहतीतच: शाळा, दवाखाना, सहकारी भांडार, आणि प्रत्येक क्वार्टरच्या मागे एक लहान अंगण. मी त्याच शाळेत शिकले आणि नंतर तिथेच शिक्षिका झाले.

नलिनीने आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला. बाईमाणसालाही ड्राफ्ट्समनच म्हणायचे. वर्षभर तिने कारखान्याच्या सिव्हिल विभागात शिकाऊ म्हणून काम केलं, पण तिला कायम केलं नाही. मग अठ्ठ्याऐंशी साली शहरात, अरेरा कॉलनीतल्या अच्युत बर्वे यांच्या ऑफिसात तिला जागा मिळाली. बर्वे पुण्याहून आलेले आर्किटेक्ट. गरिबांच्या उपयोगाच्या इमारती बांधायच्या, आणि त्या मातीच्या, विटांच्या, थोडक्या सामानाच्या बांधायच्या, हा त्यांचा ध्यास. बंगले आणि दुकानं ते घेतच नसत. एका वस्तीतली शाळा त्यांनी अशी बांधली होती की मे महिन्यात दुपारी पंखा नसतानाही मुलं वर्गात बसून राहायची. बर्वेसर स्वतः उन्हात उभे राहून गवंड्याला वीट कशी वळवायची ते दाखवत. नलिनीला ते "नलिनीताई" म्हणायचे, चहा स्वतःच्या हाताने करून द्यायचे. तिला उजेड वाचायला त्यांनी शिकवलं, असं ती नेहमी सांगायची. एकोणीस वर्षं ती त्या ऑफिसात होती आणि त्या एकोणीस वर्षांत मी तिच्या तोंडून सरांबद्दल एकही वाकडा शब्द ऐकला नाही. लग्न तिने केलं नाही. वडील निवृत्त झाल्यावर दोघं वसाहतीच्या गेटाबाहेर, रेल्वे फाटकाजवळच्या लहान घरात राहू लागली. आई आधीच गेली होती.

दोन हजार सहा साली ते पाळणाघराचं काम आलं.

तोपर्यंत वसाहतीतले कायम नोकरीतले सफाई कामगार निवृत्त झाले होते आणि सगळी झाडलोट ठेकेदाराकडे गेली होती. ठेक्यावरच्या बायका पहाटे यायच्या, रस्ते झाडायच्या, कचरा उचलायच्या, अधिकाऱ्यांच्या क्वार्टरांतले संडास धुवायच्या. त्यांची तान्ही मुलं रस्त्याच्या कडेला झाडाला बांधलेल्या झोळीत, नाहीतर सरळ जमिनीवर, तोंडावर माश्या घेऊन झोपलेली असायची. त्या बायकांना वसाहतीत शौचाला जागा नव्हती. दिवसभर दुसऱ्यांचे संडास धुऊन त्या स्वतः कुंपणाच्या भिंतीमागे जायच्या. हे आम्ही सगळे रोज बघत होतो. मी आठवीला नागरिकशास्त्र शिकवायला त्याच रस्त्याने जायचे.

दिल्लीच्या एका संस्थेने पैसा द्यायचं कबूल केलं, वसाहतीने बंद पडलेल्या भांडाराची जागा दिली, आणि सरांनी काम घेतलं. पन्नास मुलांचं पाळणाघर, बायकांना टेकायला एक खोली, चार संडास, दोन न्हाणीघरं. सरांनी पहिल्याच आठवड्यात बायकांची बैठक बोलावली. कडुलिंबाखाली सतरंजी टाकून वीस-बावीस बायका बसल्या. नलिनी वही घेऊन लिहीत होती. मग रामप्यारी बोलली.

रामप्यारी त्या बायकांची म्होरकी. पस्तिशीची, बारीक अंगाची, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. तिची सासू जुन्या शहरात घरोघर जाऊन मैला डोक्यावर वाहायची. शेवटी एक दिवस तिने टोपली रस्त्यात टाकली ती पुन्हा उचलली नाही, आणि सुनेला कधी उचलू दिली नाही. झाडू चालेल, टोपली नाही, असं तिने रामप्यारीला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. रामप्यारीने बैठकीत तीन गोष्टी मागितल्या. रस्ता झाडताना आतलं मूल दिसेल अशी खिडकी. आतून लागेल अशी कडी. आणि तिसरी तिने नलिनीकडे वळून सांगितली:

"दीदी, टट्टी फ्लश वाली हो. पानी डालो, चली जाए. बस."

नलिनीने तेच शब्द वहीत लिहिले आणि खाली रेघ मारली.

त्या संध्याकाळी तिने वडिलांना विचारलं, भांडाराच्या मागून लाइन कुठून जाते. सदाशिवराव निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण वसाहतीचं प्रत्येक चेंबर त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर काढून दाखवलं. कडुलिंबापासून सात पावलांवर चेंबर आहे, झाकण मातीखाली गेलं असेल, खोली साडेचार फूट. तुमच्या भिंतीपासून तीस फूट पकड. अर्धा फूट उतार दिला की काम झालं.

नलिनीने तसंच काढलं. चार संडास, एक चेंबर, तीस फुटांची सहा इंची लाइन. सरांनी नकाशा पाहिला, मान डोलावली आणि पुढच्या पानावर गेले.

दोन महिन्यांनी दिल्लीहून एक सल्लागार आला. इमारतीला पर्यावरणाचं प्रमाणपत्र मिळवून देणं हे त्याचं काम. त्याने सांगितलं की सांडपाण्याचा एकही थेंब गटारात गेला नाही तर इमारत सगळ्यात वरच्या श्रेणीत बसते. वरची श्रेणी मिळाली तर संस्था खूश, आणि बाहेरच्या देशातल्या एका मोठ्या पारितोषिकासाठी नाव पाठवता येतं. न्हाणीघराचं पाणी केळीच्या वाफ्याला देता येईल. राहिले फक्त संडास. ते कोरडे करायचे. खाली दोन हौद, वर राख टाकायची, सहा महिन्यांनी हौद बदलायचा, आतला मैला सुकून खत होतं.

सरांनी लाल पेन्सिलीने नलिनीच्या लाइनीवर फुली मारली. ती त्यांच्या टेबलापाशी गेली.

"सर, सहा महिन्यांनी हे रिकामं कोण करणार?"

"लोकसहभाग आहे ना त्यात. आणि ते खत असतं तोवर, घाण नसते. आपण माहितीपत्रक करू."

"तरी हाताने काढायला कोणीतरी लागेलच."

सर दुसऱ्या कागदावर काहीतरी लिहीत होते. मान वर न करता ते म्हणाले, "नलिनीताई, त्या बायकांना त्याचं काही वाटणार नाही. त्यांचं कामच आहे ते."

ते रागाने बोलले नव्हते, तुच्छतेनेही नाही. पाऊस येईल, छत्री घ्या, असं सांगावं तसं बोलले. नलिनी आपल्या जागेवर परत आली. आता सगळं कॉम्प्युटरवर होतं. तिने लाइन निवडली आणि बटण दाबलं. लाइन गेली. ट्रेसिंग पेपर असता तर ब्लेडने खरवडावी लागली असती, थोडा तरी वेळ लागला असता, असं ती मला फार नंतर म्हणाली. मग तिने खाली दोन हौद काढले, त्यांची दारं काढली, मापं टाकली, आणि कोपऱ्यातल्या चौकटीत, जिथे काढणाऱ्याची अक्षरं असतात तिथे, आपली अक्षरं टाकली. त्या दिवशीचा डबा ती तसाच घरी घेऊन आली.

इमारत सुंदर झाली, हे मला लिहिलंच पाहिजे. दाबलेल्या मातीच्या जाड भिंती, लाल-पिवळे थर दिसणाऱ्या. मुलांच्या उंचीला खिडक्या. आत गेलं की उन्हाळ्यातही अंगाला गारवा लागायचा, आणि जमिनीवर झोपलेली मुलं खरोखर शांत झोपायची. रामप्यारीची खिडकी होती, कडीही होती. जानेवारीत उद्‌घाटन झालं. मीही गेले होते, शाळेच्या वतीने खेळणी घेऊन. दिल्लीचे पाहुणे भिंतीवरून हात फिरवत होते. बायकांना एकसारख्या हिरव्या साड्या दिल्या होत्या. संडासांपाशी राखेची रंगवलेली मडकी मांडली होती आणि त्यांचेच फोटो सगळ्यात जास्त निघाले.

होळीपर्यंत राख संपली. मुलं लहान, ती पाणी घ्यायची आणि सांडायची, आया त्यांना तिथेच धुवायच्या. पाणी हौदात जायचं. ज्याने कोरडं राहायला हवं ते ओलं झालं, आणि ओलं ते सुकेना. एप्रिलात माश्या आल्या. जूनमध्ये हौदाच्या दारांच्या फटींतून अळ्या बाहेर यायला लागल्या. पावसाळ्यात वास शाळेच्या मैदानापर्यंत यायचा आणि आम्ही शिक्षिका नाकाला पदर लावून त्या बाजूची खिडकी बंद करायचो. मी कोणाला काही विचारलं नाही. खिडकी बंद केली, एवढंच.

बायकांनी वसाहतीच्या सफाई विभागाला सांगितलं. ते म्हणाले, ही इमारत आमच्या लाइनीवर नाही, आमच्याकडे नकाशात काहीच नाही. संस्थेला कळवलं, तर संस्थेने माहितीपत्रकाचं पान पाठवलं: हौद रिकामे करण्याचं काम वापरकर्ता समुदाय आळीपाळीने करील. पाळणाघराच्या समितीच्या सचिव एका अधिकाऱ्याच्या पत्नी होत्या. त्यांनी रामप्यारीला बोलावून समजावलं की तुम्ही लोकांनी जबाबदारी घेतली नाही तर पाळणाघर बंद करावं लागेल, आणि मग मुलं पुन्हा रस्त्यावर.

ऑगस्टातल्या एका रविवारी सकाळी नलिनी भाजीला निघाली होती. वाटेत तिने पाळणाघराच्या मागे तीन बायका पाहिल्या. तोंडाला पदर घट्ट बांधलेला, हातांना प्लास्टिकच्या पिशव्या. एक हौदाच्या दारात ओणवी होऊन पत्र्याच्या तुकड्याने आतलं ओढत होती, दुसरी ते घमेल्यात घेत होती, तिसरी घमेलं डोक्याला लागू नये म्हणून कमरेवर धरून खड्ड्यापर्यंत नेत होती. ते खत नव्हतं. ते पातळ होतं आणि घमेल्याच्या काठावरून ओघळत होतं. ओणवी झालेली बाई उभी राहिली, ती रामप्यारी होती. तिने नलिनीला पाहिलं. पदर खाली केला नाही. आतूनच म्हणाली:

"दीदी, नक्शा तो आप ही ने बनाया था ना?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच खात्री करून घ्यायची होती, असं नलिनीला वाटलं. नलिनीने हो म्हटलं. रामप्यारीने मान हलवली आणि पुन्हा ओणवी झाली.

घरी येऊन नलिनीला उलट्या सुरू झाल्या. दोन दिवस पोटात पाणी ठरेना. सदाशिवरावांना आधी वाटलं काही खाण्यात आलं. तिसऱ्या दिवशी तिने सगळं सांगितलं: लाइन, फुली, सरांचं ते वाक्य, आणि आपण दाबलेलं बटण. मला माझ्याच हातांची घाण वाटते, असं ती म्हणाली. साबणाने जाणारी नाही.

सदाशिवरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू काहून एकटी रडतं? तीस वर्षं माझ्या हाताखाली माणसं चेंबरात उतरली. मी वरून बॅटरी दाखवायचो. वास माझ्या अंगाला लागला, घाण त्यांच्या. मी एकदाबी नाही म्हटलं नाही."

नलिनीने हे मला सांगितलं तेव्हा मला माझ्या आईचा तो अडखळणारा घोट आठवला. ज्यांच्या हातचं पाणी आम्हाला गिळवत नव्हतं ते देवतळे काठावरचे होते. खाली उतरणाऱ्यांची तर आम्ही नावंही कधी विचारली नव्हती.

बरं वाटल्यावर नलिनीने तीच तीस फुटांची लाइन पुन्हा काढली आणि सरांच्या टेबलावर ठेवली. जे पाहिलं ते सांगितलं. सर अस्वस्थ झाले. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. मग म्हणाले की सुरुवातीला असं होतंच, लोकांच्या सवयी बदलायला वेळ लागतो, राख कमी पडली असेल. आणि आत्ता लाइन जोडली तर प्रमाणपत्र जाईल. पुढच्या महिन्यात पारितोषिकाचे परीक्षक जागा बघायला येणार आहेत. दोन वर्षं थांबू, मग बघू. शेवटी त्यांनी तिलाच सांगितलं की परीक्षक येण्याआधी हौदांच्या बाजूला मोगऱ्याची आणि तुळशीची रोपं लावून घ्या. वासाला बरं.

तिने रोपं लावली. हेही तिने मला लपवलं नाही. "मी लावली," म्हणाली, "स्वतः उभी राहून लावून घेतली."

सप्टेंबरच्या शेवटी परीक्षक आले. तिघे परदेशी आणि एक चेन्नईच्या बाई. चौघांनाही हिंदी येत नव्हती. बरोबर वसाहतीचे मुख्य इंजिनिअर होते, समितीच्या सचिव होत्या, आणि बायका त्याच हिरव्या साड्यांत उभ्या होत्या. हौद आधीच्याच आठवड्यात पुन्हा रिकामा करून घेतला होता. परीक्षकांनी भिंतीची जाडी मोजली, केळीचा वाफा पाहिला, मुलांशी हसले. मग त्यांच्यातल्या एका उंच गृहस्थाने रामप्यारीकडे हात करून विचारलं, यांना ही इमारत कशी वाटते? सरांनी तिला हिंदीत विचारलं. ती सरांकडे नाही, त्या गृहस्थाकडे बघून बोलली.

"दीवार अच्छी है साहब, ठंडी रहती है, बच्चा सोता है. पर टट्टी हमें हाथ से निकालनी पड़ती है. मेरी सास ने ये काम छोड़ा था. मुझसे फिर करवा रहे हैं."

सरांनी इंग्रजीत सांगितलं की या म्हणतात, इमारत थंड आहे, मुलं छान झोपतात, आणि देखभालीचं सगळं काम आता आम्ही बायकांनी आपल्या हातात घेतलं आहे.

उंच गृहस्थाने कौतुकाने मान हलवली. मुख्य इंजिनिअरना दोन्ही भाषा येत होत्या. सचिवबाईंनाही. दोघंही गप्प राहिले. नलिनी मागे नकाशांची गुंडाळी धरून उभी होती. त्या क्षणी तिला पहिल्यांदा सरांच्या चेहऱ्याची, त्या सवयीच्या सौम्य हसण्याची, अशी शिसारी आली की तिला बोलल्याशिवाय राहवेना.

"सर, ती असं म्हणाली नाही," ती मराठीत म्हणाली.

सरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग ती पुढे आली आणि तिच्या मोडक्या इंग्रजीत, एकेक शब्द शोधत, त्या गृहस्थाला सांगितलं: ही बाई सांगते आहे की तिला माणसांचा मैला हाताने काढावा लागतो. तिच्या सासूने हे काम सोडलं होतं. आता तिला पुन्हा करावं लागतं. आणि हा नकाशा मी काढला आहे.

उंच गृहस्थाने भिंतीकडे पाहिलं. चेन्नईच्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. सचिवबाई म्हणाल्या, चहा तयार आहे. सगळे चहाला गेले. समोसे होते, ते सगळ्यांनी खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सरांनी फोन करून तिला काही दिवस घरीच राहायला सांगितलं. त्या काही दिवसांनंतर परत बोलावणं आलंच नाही. फोन ठेवण्याआधी ते म्हणाले, "मी आयुष्यभर या लोकांसाठीच काम केलं, नलिनीताई. तुम्ही मला सगळ्यांसमोर खोटं पाडलंत." ती म्हणाली, "हो सर." त्यांचं पहिलं वाक्यही खरं होतं, असं ती म्हणते, आणि त्याचाच तिला जास्त उबग येतो.

पारितोषिक मिळालं. नोव्हेंबरात बातमी आली. मानपत्रात 'मलनिस्सारणाचा स्वावलंबी आणि समाजाने आपलासा केलेला प्रयोग' असे शब्द होते. चेन्नईच्या बाईंनी वहीत काय लिहिलं होतं कोण जाणे. नलिनीने ते मानपत्र वर्तमानपत्रात तीनदा वाचलं, मग तो कागद घडी करून कपाटाच्या फळीखाली घातला, फळी डुगडुगत होती म्हणून.

पण एक गोष्ट झाली. मुख्य इंजिनिअर घाबरले. मैला माणसाच्या हाताने काढायला लावणं हा कायद्याने गुन्हा आहे, आणि तो आपल्या वसाहतीत चालतो हे त्यांनी चार पाहुण्यांदेखत ऐकलं होतं. उद्या कोणी तक्रार केली तर त्यांना माहीत नव्हतं असं म्हणता येणार नव्हतं. दया म्हणून नाही, भीती म्हणून त्यांनी सदाशिवरावांना बोलावणं पाठवलं. चेंबर कुठे आहे ते दाखवा. ऑक्टोबरातच, दसऱ्याच्या सुट्टीत, फाइल न करता काम उरकलं. सदाशिवराव छत्री घेऊन खुर्चीवर बसले आणि कुठे खणायचं ते काठीने दाखवत राहिले. झाकण त्यांनी सांगितलं तिथेच, हातभर मातीखाली सापडलं. हौद टँकरच्या पंपाने उपसले आणि मुरूम भरून बंद केले. चेंबरपर्यंत लाइन टाकली, वर संडासाची साधी भांडी बसवली, पाण्याची टाकी ठेवली. संस्थेला याचा पत्ता लागू द्यायचा नाही, म्हणून लाइन कुठल्याही नकाशात दाखवायची नाही, अशी इंजिनिअरांची अट होती. नलिनीने तरीही एका ट्रेसिंग पेपरवर हाताने ती काढली आणि देखभालीच्या मिस्त्रीला दिली. उद्या कोणी तिथे कुदळ घातली तर त्याला खाली काय आहे ते ठाऊक असावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

प्रमाणपत्र कायम राहिलं. आर्किटेक्चरची मुलं आजही बसने येतात, हौदांच्या कुलूप लावलेल्या दारांचे फोटो काढतात, आणि त्यांना सांगितलं जातं की आत खत होतंय. मी एकदा तिथून जात असताना हे ऐकलं. थांबून सांगायला हवं होतं. मी चालत राहिले.

नलिनी शहरातल्या इंद्रपुरीत एका नकाशे पास करून देणाऱ्याच्या दुकानात बसू लागली. वीस बाय पन्नासच्या प्लॉटवरची घरं, वर भाडेकरू, खाली दुकान. तिथे येणाऱ्याला ती आधी विचारायची की सेप्टिक टँक कुठे आणि तो उपसायला गाडी आत येईल का. काही लोक कंटाळून दुसऱ्या दुकानात जायचे.

लाइन जोडल्यावर महिन्याभराने ती रामप्यारीकडे गेली होती, माफी मागायला. रामप्यारी पाळणाघरात एका मुलाला भरवत होती. नलिनीने पाठ करून नेलेलं वाक्य बोलून टाकलं. रामप्यारीने घास मुलाच्या तोंडात घातला, बोट पदराला पुसलं आणि म्हणाली:

"उस दिन आप बोलीं, अच्छा किया. पर पहले बोल देतीं तो मेरे हाथ न लगते."

आणि दुसरं मूल रडायला लागलं म्हणून उठून गेली. नलिनी घरी आली. मी तिची समजूत घालायला निघाले होते की शेवटी काम तुझ्याचमुळे झालं ना. तिने मला बोलू दिलं नाही. जे आहे ते ती बरोबर बोलली, म्हणाली. त्याच्यावर साखर घालू नको.

सदाशिवराव चौदा साली गेले. परवा, म्हणजे मागच्या पावसाळ्यात, बर्व्यांच्या ऑफिसातून एक तरुण आर्किटेक्ट मुलगी नलिनीच्या घरी आली होती. वसाहतीतली जुनी क्वार्टरं पाडून तिथे नवी, हरित वसाहत बांधायची आहे आणि काम त्यांच्याकडे आलं आहे. सर आता थकले, मुलगा बघतो. जुन्या ड्रेनेजची माहिती कुठेच मिळत नाही, तुमच्या वडिलांनी काही कागद ठेवलेत का, असं ती अदबीने विचारत होती. नव्या इमारतींची चित्रंही तिने दाखवली. गच्च्यांवर झाडं होती, आणि झाडांखाली हसरी माणसं.

नलिनीकडे कागद होते. वर्तमानपत्रांच्या कडांवर काढलेलं सगळं तिने वडिलांच्या मागे एका जाड वहीत उतरवून ठेवलं आहे, चेंबरच्या नंबरासकट. तिने त्या मुलीला पाणी दिलं आणि सांगितलं की वही देईन, पण आधी पाळणाघराच्या मागच्या वस्तीत रामप्यारी म्हणून बाई राहते तिला भेटून ये. वसाहतीत झाडणाऱ्या बायका जेवतात कुठे, जातात कुठे, त्यांना काय हवंय, हे तिच्याकडून लिहून आण. मग बोलू. तिने पत्ता लिहून दिला, खुणेसाठी पाण्याची टाकी सांगितली.

मुलीने पत्ता पर्समध्ये ठेवला, नक्की जाते म्हणाली. नलिनीने पंधरा दिवसांनी रामप्यारीला विचारलं. कोणी आलं नव्हतं. ती मुलगी नलिनीकडेही परत आली नाही. क्वार्टरं पाडायचं काम दिवाळीनंतर सुरू झालं.